ऋतुमानाचा पालट व ग्रामपंचायतींस द्रव्यसाह्य

सन २०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, ही गोष्ट आमच्या वाचकांच्या स्मरणांत असेलच. त्याच मराठवाड्यांत सन २०२५ च्या सप्टेंबरांत इतका पाऊस कोसळला कीं, नद्यांनीं पात्रें सोडलीं, उभीं पिकें कुजलीं आणि कित्येक शेतांतील माती खरवडून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला. दहा वर्षांच्या आंत एकाच मुलखानें तहान व महापूर हीं दोन्ही टोकें पाहिलीं. अवर्षण आणि अतिवृष्टि हीं आपल्या वाडवडिलांसहि नवीं नव्हतीं. परंतु आतां त्यांची पाळी लवकर लवकर येऊं लागली आहे. शास्त्रज्ञ याचें कारण असें सांगतात कीं, कोळसा व खनिज तेल जाळल्यानें हवेंत सांठणाऱ्या वायूंमुळें पृथ्वीची उष्णता वाढत आहे. आणि हवा एक अंशानें तापली म्हणजे ती शेंकडा सुमारें ७ अधिक बाष्प धरूं शकते. म्हणून पाऊस मधेंच दडी मारतो, आणि येतो तेव्हां एकदम येतो.

या शास्त्राचा ऊहापोह करण्याचा आमचा अधिकार नाहीं. आमची सारी हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. तेव्हां आम्ही या प्रश्नाकडे पाहणार तें जमाखर्चाच्या बाजूनें. पावसाचा लहरीपणा दिल्लींत किंवा मुंबईंत येऊन आदळत नाहीं; तो आदळतो गांवच्या नाल्यावर, गांवच्या बांधावर व गांवच्या विहिरीवर. तेथें पहिला हात ज्यानें घालावयाचा ती संस्था म्हणजे ग्रामपंचायत. मग या संस्थेच्या हातीं पैसा किती, तो कोणत्या वाटेनें येतो, आणि वाटेंत कोठें अडतो, हें आमच्या शेतकरी बंधूंनीं समजून घेतलें पाहिजे.

राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलांत आली. तिच्याबरोबर घटनेस जें अकरावें परिशिष्ट जोडलें गेलें त्यांत पंचायतींकडे सोंपविण्याजोगे २९ विषय दिले आहेत. शेती, जमीनसुधारणा व मृद्संधारण, लहान पाटबंधारे, पाणलोट क्षेत्राचा विकास, सामाजिक वनीकरण, पिण्याचें पाणी, सरपण व वैरण, अपारंपरिक ऊर्जा हे सर्व त्यांत आले. पालटत्या ऋतुमानास तोंड देण्याकरितां जें जें करावें लागतें तें बहुतेक या यादींत आहे. यादी हातीं आली. तिजोरीची किल्ली मात्र तिच्याबरोबर आली नाहीं.

पूर्वीं मुंबई इलाख्यांत सन १८६९ च्या कायद्याप्रमाणें जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड घेतला जात असे. हा आणा मुख्यत्वें रस्त्यांकरितां व शाळांकरितां असे. आज ग्रामपंचायतीचें स्वतःचें उत्पन्न म्हणजे मुख्यत्वें घरपट्टी व पाणीपट्टी. ही वसुली लहान गांवांत दिवाबत्ती, नळाच्या पंपाचें वीजबिल व शिपायाचा पगार यांतच संपून जाते. बांध-बंदिस्तीकडे वळावें तर पंचायतीस बाहेरच्या अनुदानाकडेच डोळे लावावे लागतात.

त्या अनुदानांतील सर्वांत मोठें म्हणजे केंद्रीय वित्त आयोगाचें. पंधराव्या आयोगानें सन २०२१ ते २०२६ या पांच वर्षांकरितां देशांतील ग्रामीण स्थानिक संस्थांस २,३६,८०५ कोटी रुपये द्यावे अशी शिफारस केली. आंकडा ऐकून छाती दडपते. परंतु भागाकार करून पाहूं. सन २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें देशाची ग्रामीण वस्ती सुमारें ८३ कोटी होती. त्या हिशेबानें दर माणशी दर वर्षीं सुमारें ५७० रुपये पडतात. दोन हजार वस्तीच्या गांवास ही रक्कम अकरा लाखांच्या आसपास होते. महाराष्ट्रांत तिचे दहा टक्के जिल्हा परिषदेस व दहा टक्के पंचायत समितीस अशी वांटणी ठरली; तेव्हां गांवाच्या वांट्यास सरासरीनें नऊ लाख राहिले. यांतील शेंकडा ६० रुपये आधींच बांधलेले: निम्मे स्वच्छतेकरितां, आणि निम्मे पिण्याचें पाणी, पर्जन्यजलाचा सांठा व वापरलेल्या पाण्याचा पुनर्वापर यांकरितां. मोकळे राहिले ते साडेतीन लाखांच्या थोडे वर. त्यांतच रस्ता, गटार, शाळेचें छप्पर व अंगणवाडी. आमचा हा हिशेब केवळ सरासरीचा आहे. गांवागांवांत कमी-अधिक असणारच. पण एक गोष्ट यावरून दिसते. पैसा अगदींच नाहीं असें नाहीं, आणि पुरेसाहि नाहीं. अशा वेळीं जो आहे तो वेळेवर व नेमक्या कामीं लागणें यावरच सर्व अवलंबून असतें.

दुसरी वाट खास योजनांची. नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प हा त्यांतील मोठा. जागतिक बँकेकडून सन २०१८ मध्यें ४२ कोटी डॉलरांचें कर्ज घेऊन मराठवाडा व विदर्भांतील चौदा जिल्हे आणि जळगांव अशा १५ जिल्ह्यांतील पांच हजारांवर गांवांत तो सुरू झाला. त्यांत प्रत्येक गांवीं ग्राम कृषि संजीवनी समिति नेमून, शिवारांत पाणी किती पडतें व किती लागतें याचा ताळेबंद मांडून, मग कामें ठरविण्याची पद्धति घातली गेली. ही पद्धति आम्हांस फार पसंत आहे. कारण तिच्यांत हिशेब आधीं व खर्च मागून. तिसरी वाट राष्ट्रीय अनुकूलन निधीची होती. सन २०१५ मध्यें केंद्रानें तो काढून नाबार्डकडे त्याची व्यवस्था दिली. मात्र त्याचे प्रस्ताव राज्य सरकारांनीं करावयाचे; एकट्या ग्रामपंचायतीचा अर्ज तेथें पोंचत नसे. चौथी वाट बक्षिसाची. महाराष्ट्र सरकारच्या पर्यावरण व वातावरणीय बदल खात्यानें २ ऑक्टोबर २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केलें. भूमि, जल, वायु, अग्नि व आकाश या पंचमहाभूतांच्या नांवें कामांची वर्गवारी करून स्थानिक संस्थांस गुण द्यावयाचे व वरच्या क्रमांकांस पारितोषिक द्यावयाचें, अशी ही योजना. तिनें अनेक गांवांत हुरूप उत्पन्न केला, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु बक्षीस मिळतें तें काम झाल्यावर. ज्यास काम सुरू करण्यासच पैसा नाहीं तो शर्यतींत उतरणार कसा?

येथपर्यंत वाटा सांगितल्या. आतां वाटेंत कोठें अडतें तें सांगतों. आणि त्याकरितां आम्हांस आमचाच एक दोष वाचकांपुढें मांडणें भाग आहे.

आम्ही नोकरींत असतां एका लहान गांवचा प्रस्ताव आमच्या मेजावर आला. नाल्यावरचा जुना मातीचा बांध खचला होता. पावसाळ्यापूर्वीं त्याची दुरुस्ती व सांडव्याचें पिचिंग करावें असा ग्रामसभेचा ठराव होता. पंचायतीजवळ अनुदानाचे पैसे शिल्लक होते. बांधाची जागा गायरानांत, म्हणून आमच्या कचेरीचा नाहरकत दाखला हवा होता. कागदांत सात-बाराचा उतारा चालू वर्षाचा नव्हता. आम्ही शेरा मारला, “उतारा जुना, सबब परत.” महिन्याभरानें नवा उतारा जोडून कागद आला. तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं मोजणीचा नकाशा नाहीं. पुन्हां शेरा, पुन्हां परत. तिसऱ्या खेपेस ठरावाच्या नकलेवर ग्रामसेवकाची सही नव्हती. नियमाप्रमाणें आमचा एकहि शेरा चुकीचा नव्हता. दाखला निघाला तो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत. त्यानंतर अंदाजपत्रकास तांत्रिक मंजुरी मिळेपर्यंत वर्ष संपलें; नव्या वर्षीं मंजुरीचें चक्र पहिल्यापासून फिरवावें लागलें, आणि त्याआधीं पाऊस आला. जुलैच्या एका रात्रीं बांध फुटला. खालच्या अंगाच्या सात-आठ खातेदारांची माती नाल्यावाटे वाहून गेली. त्यांतील दोघांस तेवढीच जमीन होती.

त्यानंतर सरपंच पंचनाम्याच्या कामासाठीं कचेरींत आले होते. रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, “भाऊसाहेब, तीन गोष्टी कमी होत्या तर तिन्ही पहिल्याच दिवशीं सांगायच्या होत्या. तीन महिने वांचले असते.”

या वाक्यास आमच्यापाशीं तेव्हां उत्तर नव्हतें व आजहि नाहीं. तीन उणीवा एकाच शेऱ्यांत लिहिण्यास कोणताहि नियम आड येत नव्हता. आम्हीच कागद पहिल्या उणीवेपाशीं वाचावयाचा थांबवीत असूं. कागद परत करणें म्हणजे काम संपणें, अशी संवय हातास लागलेली होती. पंचायतीकडे पैसा होता, ठराव होता, गरज होती. उणा होता तो एक जाणता मनुष्य, ज्यानें तिच्या बाजूनें कागद नीट जोडून दिला असता.

यावरून आमचें जें मत बनलें तें असें: ऋतुमानाच्या पालटाकरितां गांवांस केवळ पैसा देऊन भागत नाहीं. पैसा नेहमीं कागदाच्या मागें जातो. ज्या गांवीं शिकलेला सरपंच, तत्पर ग्रामसेवक किंवा वजनदार पुढारी आहे, तेथें प्रस्ताव सुबक होतो, मंजुरी लवकर येते, बक्षीसहि तेथेंच जातें. ज्या गांवास ऊन-पावसाचा तडाखा सर्वांत जास्त, तें बहुधा आडवळणाचें, गरीब व अल्पशिक्षित. त्याचा कागद अपुरा राहतो आणि पैसा दुसरीकडे वळतो. अशा रीतीनें मदत गरजेकडे न जातां लेखणीकडे जाते. हा कोणा एका अधिकाऱ्याचा दुष्टपणा नव्हे. ही पद्धतीचीच खोड आहे.

ज्या गांवांनीं ही खोड मोडली त्यांचीं उदाहरणें पाहण्याजोगीं आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव अवर्षणाच्या पट्ट्यांतलें. १९८९-९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. गांवानें रोजगार हमी व आदर्श गांव या सरकारी योजनांचाच पैसा वापरला. वेगळा खजिना त्यांस सांपडला नव्हता. परंतु डोंगरउतारावर चर कोठें खणावे, चराई कोठें बंद ठेवावी, हें गांवानें आधीं ठरविलें, आणि शेतीकरितां विंधनविहीर घ्यावयाची नाहीं हा निर्बंध आपणच आपणांस घालून घेतला. पावसाळा सरतांच पाऊस किती झाला तो मोजून, ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद वाचून, मग रब्बीचीं पिकें ठरवावयाचीं, ही तेथील रीत आहे. पैसा सर्वांस सारखा मिळणारा होता. हिशेब त्यांचा स्वतःचा होता.

दुसरें उदाहरण तामिळनाडूंतील कोइंबतूर जिल्ह्यामधील ओडंतुरै पंचायतीचें. सन २००६ मध्यें या पंचायतीनें ३५० किलोवॅट शक्तीची पवनचक्की विकत घेतली. खर्च सुमारें १ कोटी ५५ लाख रुपये. त्यांतील ४० लाख पंचायतीच्या शिलकेंतून व उरलेले बँकेच्या कर्जांतून उभे केले. चक्कीची वीज गांवाच्या गरजेहून अधिक, म्हणून जास्तीची वीज मंडळास विकून त्या उत्पन्नांतून कर्ज फेडण्याची व्यवस्था केली. पंचायतीच्या वह्या स्वच्छ नसत्या, तर कोणत्या बँकेनें एवढी रक्कम तिच्या दारांत ठेवली असती?

तिसरें उदाहरण केरळांतील. त्या राज्यानें सन १९९६ मध्यें लोकयोजनेची मोहीम काढून आपल्या विकास-खर्चाचा शेंकडा ३५ ते ४० हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोंपविण्याचें ठरविलें. त्या पायावरच वायनाड जिल्ह्यांतील मीनंगाडी पंचायतीनें सन २०१६ पासून आपल्या हद्दींतून हवेंत जाणारा कर्बवायु व झाडें-जमीन यांत मुरणारा कर्ब यांचा मेळ घालण्याचा उपक्रम हातीं घेतला. शेतकऱ्यानें लावून जतन केलेल्या झाडांच्या तारणावर सहकारी बँकेनें त्यास रक्कम द्यावी, अशी वृक्ष-तारणाची योजनाहि तेथें निघाली. झाड तोडून पैसा करण्यापेक्षां तें राखून पैसा मिळावा, हा त्यांतील हेतु. वरून हिस्सा ठरलेला, म्हणून खालीं दूरदृष्टीनें योजना आंखतां आली, हें येथें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही आमच्या गांवीं दर बाजाराच्या दिवशीं पंचायतीच्या ओट्यावर दोन तास बसूं लागलों. ग्रामसेवकाकडे तीन गांवांचा भार. त्यांस आमची अडचण वाटण्याऐवजीं आधारच वाटला. प्रथम आम्ही शिवाराचा पाण्याचा हिशेब मांडला. तो कोणासहि मांडतां येईल. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलें. एक हजार हेक्टरांच्या शिवारावर ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर तें पाणी ५०० कोटी लिटर होतें. दोन हजार माणसांस माणशी दररोज ५५ लिटर धरल्यास वर्षाचें पिण्या-वापरण्याचें पाणी चार कोटी लिटरांच्या आसपास. म्हणजे पडलेल्या पाण्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनहि कमी. हा आंकडा ग्रामसभेंत वाचला तेव्हां क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग मागून एक वृद्ध बाई म्हणाल्या, “अहो, मग वैशाखांत आम्ही टँकरपुढं हंडे कशाला मांडतों?” पाणी पडत नाहीं हें कारण नसून तें राहत नाहीं हें कारण आहे, हें सर्वांस त्या एका प्रश्नानें उमगलें. त्या वर्षींच्या विकास-आराखड्यांत दोन बांधांची दुरुस्ती व शाळेच्या छपरावरील पाणी विहिरींत सोडण्याचें काम सर्वानुमतें पहिल्या क्रमांकास गेलें. छपराचें काम बांधील अनुदानांतील पर्जन्यजलाच्या सदराखालीं नियमांत बसलें. गायरानांतील बांधाचा दाखला या खेपेस एकाच फेरींत निघाला. कारण उतारा, नकाशा व सही या तिन्ही गोष्टी आम्ही पहिल्याच दिवशीं जोडल्या होत्या.

आमच्या अनुभवावरून वाचकांस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, गांवानें आपल्या पाण्याचा हिशेब दर वर्षीं मांडावा व पर्जन्यमापक गांवांतच ठेवावा. दुसरी, आराखडा होतो त्या ग्रामसभेस शेतकऱ्यांनीं व भगिनींनीं आवर्जून हजर राहावें; त्या दिवशीं जें काम कागदावर चढलें नाहीं, त्याकरितां पुढें वर्षभर ओरडून उपयोग नसतो. तिसरी, बांध, नाला, विहीर, गायरान यांचे उतारे, नकाशे व मोजमापें एका दप्तरांत तयार ठेवावीं. अनुदान आल्यावर शोधाशोध करूं नये. चौथी, घरपट्टी व पाणीपट्टी वेळेवर भरावी आणि वह्या चोख ठेवाव्या. पंधराव्या आयोगानें हिशेब प्रसिद्ध करणें ही अनुदानाची अटच घातली होती. सोळावा आयोग सन २०२६ पासूनच्या पुढील पांच वर्षांकरितां आहे. त्याच्या काळांतहि चोख वही गांवाच्या कामींच येईल.

परंतु सारा भार गांवावर टाकून मोकळें होणें न्यायाचें नाहीं. प्रत्येक गांवीं निवृत्त कारकून असतोच असें नाहीं, आणि असला तरी सरकारी कर्तव्य त्याच्या सवडीवर सोडणें बरें नव्हे. दहा-बारा गांवांच्या गटामागें एक अभियंता व एक हिशेबनीस कायमचे नेमावे, आणि त्यांचें काम प्रस्ताव तपासण्याचें नसून तयार करून देण्याचें असावें. कोणत्याहि कचेरीनें कागद परत करावयाचा तर सर्व उणीवा एकाच वेळीं लिहून करावा. बांध-बंदिस्तीचा पैसा दिवाळीपूर्वीं गांवीं पोंचावा. कारण मातीकामाचा हंगाम सुगीनंतरचा, आणि पाऊस मार्चअखेर ओळखीत नाहीं. बक्षिसें अवश्य द्यावीं. परंतु त्याआधीं ज्या गांवांस अवर्षण व पुराचा धोका सर्वांत अधिक, त्यांस कामापूर्वीं अंगावर रक्कम द्यावी. पूर्वींच्या सरकारनेंहि सन १८८३ च्या कायद्यानें जमीनसुधारणेकरितां तगाई दिली ती काम होण्याच्या आधीं. विहीर खणून झाल्यावर बक्षीस म्हणून नव्हे.

तो फुटलेला बांध पुढें दोन वर्षांनीं पुन्हां बांधला गेला. आम्ही नुकतेच तिकडे जाऊन आलों. बांधामागें पाणी होतें. खालच्या अंगास मात्र मुरमावर अजून तूर धड उभी राहत नाहीं. पैशाची भरपाई पंचनाम्यानें झाली, मातीची झाली नाहीं. ज्यांच्या हातीं आज कागद आहेत त्या कचेऱ्यांतील आमच्या बंधूंस आमची हात जोडून एवढीच विनंती आहे कीं, कागद शेवटपर्यंत वाचावा. आणि शेतकरी बंधूंस विनंती ही कीं, येत्या ग्रामसभेस जातांना आपल्या नाल्याचें माप बरोबर न्यावें.